एक लिटर आणि उजवा पाय

मित्रहो,

एका साध्या हिशोबाने सुरुवात करतो. हजार किलो वजनाची गाडी ताशी ७२ किलोमीटरने चालली आहे, म्हणजे सेकंदाला बरोबर २० मीटर. त्या क्षणी तिच्यात साठलेली गतिज ऊर्जा भरते २०० किलोज्यूल. समोरचा सिग्नल लाल झाला, तुम्ही ब्रेक दाबलात, गाडी थांबली. ती ऊर्जा गेली ब्रेकच्या डिस्क आणि पॅड तापवण्यात. आता, पेट्रोलच्या एका लिटरात साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते आणि त्यातली चाकापर्यंत पोचते ती जेमतेम पाव. म्हणजे तो वेग गाडीत भरायला तुम्ही सुमारे २५ मिलिलिटर पेट्रोल जाळलं होतं. चहाचे पाच चमचे. कचकन ब्रेक मारून गाडी उभी केली की तेवढं पेट्रोल वाया गेलं, आणि सिग्नल हिरवा झाला की तेवढंच पुन्हा जाळायचं.

इंधनबचतीच्या स्पर्धेत उतरणारी मंडळी हा हिशोब डोक्यात ठेवूनच स्टिअरिंगवर बसतात. माझं आज एकच म्हणणं आहे: ही स्पर्धा आधी नजरेने जिंकली जाते, मग गाडीच्या अंगाने, आणि इंजिनाचा नंबर अगदी शेवटी लागतो. हौशी मंडळी बहुतेक वेळा नेमकी उलट्या टोकाने सुरुवात करतात. पहिल्याच दिवशी बॉनेट उघडतात.

या स्पर्धांचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण त्यातून दोन वेगळ्या वाटा दिसतात. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या वुड रिव्हर इथे शेल कंपनीची संशोधन प्रयोगशाळा होती. तिथल्या शास्त्रज्ञांनी १९३९ मध्ये आपसात पैज लावली: एका गॅलनमध्ये कोणाची गाडी जास्त लांब जाते बघू. जिंकणाऱ्याच्या गाडीने लिटरला साधारण २१ किलोमीटर दिले. मग दरवर्षी चुरस वाढत गेली. १९४९ मध्ये १९४७ सालच्या स्टुडबेकर गाडीने लिटरला जवळपास ६४ किलोमीटर काढले. १९७३ मध्ये १९५९ सालच्या एका ओपेल गाडीने लिटरला १६० गाठले, पण तोवर ती नावालाच ओपेल राहिली होती. मागचा अॅक्सल, म्हणजे दोन चाकं जोडणारा दांडा, अरुंद केलेला, चाक फिरवायला चेन, टायर दगडासारखे कडक. पुढे १९८५ मध्ये फ्रान्समधल्या पॉल रिकार ट्रॅकवर आजच्या स्वरूपातली शेल इको-मॅरेथॉन सुरू झाली आणि पहिल्याच वर्षी विजेते एका लिटरात ६८० किलोमीटर गेले. २००५ मध्ये झुरिकच्या ईटीएच विद्यापीठाच्या पॅक-कार २ या हायड्रोजनवर चालणाऱ्या वाहनाने एक लिटर पेट्रोलइतक्या ऊर्जेत ५३८५ किलोमीटरचा हिशोब दाखवला.

दुसरी वाट मोबिल इकॉनॉमी रनची. १९३६ ते १९६८ या काळात, युद्धाची वर्षं वगळून, ही शर्यत अमेरिकेत चालली. तिच्यात शोरूममध्ये मिळते तशीच गाडी लागायची. बॉनेटला सील, शेजारी निरीक्षक, पेट्रोल वेगळ्या मोजलेल्या टाकीतून. बाकी सगळं चालवणाऱ्याच्या हातात आणि पायात. मला ही दुसरी वाट अधिक जवळची वाटते. पॅक-कारसारखी वाहनं पाहून थक्क व्हायला होतं, त्यामागची बुद्धी खरोखर मोठी आहे. पण एक माणूस आडवा पडून चालवतो त्या डब्यातलं तंत्र तुमच्या-माझ्या गाडीत फारसं उतरत नाही. साध्या गाडीच्या स्पर्धेत शिकलेलं मात्र दुसऱ्या दिवशी कामावर जातानाही उपयोगी पडतं.

तर आता नजर. चांगला स्पर्धक पुढच्या गाडीकडे बघत नाही, तिच्या पलीकडे बघतो. चारशे मीटरवर सिग्नल लाल दिसतोय ना, मग आत्ताच अॅक्सिलरेटर सोडायचा. बाकीचे वेगात जाऊन थांबतील, तुम्ही रेंगाळत पोचाल, तोवर सिग्नल सुटलेला असेल आणि ताशी २५ ने चालती गाडी पुन्हा वेग घेईल. शून्यापासून उठवायची वेळ येणार नाही. वळणाचंही तसंच: आधी वेग आपोआप उतरू द्यायचा. ब्रेकचं पेडल नाहीच, अशा समजुतीने मार्ग आखायचा. लागलाच तर निःशंक मारायचा. समोर पोर धावत आलं तर मिलिलिटरचा विचार करणाऱ्याने स्पर्धेत उतरूच नये.

इथे नेहमीचा वाद येतो: वेग उतरवताना गाडी गिअरमध्ये ठेवायची की न्यूट्रल करायची? इंजेक्शनच्या गाडीत अॅक्सिलरेटर सोडला आणि गाडी गिअरमध्ये असली की इंजेक्टर, म्हणजे इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या तोट्या, बंद होतात, पेट्रोल शून्य. पण त्या वेळी चाकंच इंजिन फिरवतात, त्यामुळे वेग भराभर पडतो. न्यूट्रलमध्ये इंजिन आयडलला, म्हणजे भाराशिवाय नुसतं सुरू राहण्यापुरतं, चालतं, तासाला अर्धा ते एक लिटर पीत राहतं, पण गाडी कितीतरी लांब घरंगळते. मग उत्तर परिस्थितीवर ठरतं. थांबायचंच असेल तर गिअरमध्ये, म्हणजे थांबणं फुकटात पडतं. लांब जायचं असेल तर कागदावर न्यूट्रलचा फायदा निघतो. तीव्र उतारावर मात्र कधीच न्यूट्रल करू नका: इंजिनाचा आधार सुटला की सगळा भार ब्रेकवर येतो आणि ब्रेक तापून हात टेकतात. कित्येक ठिकाणी कायद्यानेही त्याला मनाई आहे.

स्पर्धकांचं सर्वांत चर्चिलं जाणारं तंत्र म्हणजे वेग घ्या आणि सोडून द्या. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ते पटतच नाही, कारण लहानपणापासून ऐकलेलं असतं की एकसारखा वेग ठेवा. ते चूक नाही, पण त्यामागचं कारण समजून घेऊ. ताशी ५० च्या संथ चालीला लहान गाडीला लागतात जेमतेम तीन किलोवॅट. इंजिन असतं साठ किलोवॅटचं. पेट्रोल इंजिन इतक्या कमी भारावर चालतं तेव्हा थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारी झडप, जवळपास मिटलेला असतो, आणि त्या फटीतून हवा ओढून घेण्यातच बरीच ताकद जाते. भार वाढला, थ्रॉटल उघडला, की तेच इंजिन प्रत्येक थेंबातून जास्त काम काढतं. म्हणून वरच्या गिअरमध्ये, दोन हजार आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला फेरे) आसपास, पाय जरा घट्ट दाबून ४० वरून ६० वर जायचं. मग इंजिन बंद करून ४० पर्यंत घरंगळायचं, आणि पुन्हा तेच. सरासरी तीच राहते, पेट्रोल कमी लागतं. हायब्रिड गाड्या हेच काम आपणहून, कुणाला न कळता करतात.

पण हे फक्त बंद ट्रॅकवर, हे मी आवाज चढवून सांगतो. इंजिन बंद झालं की ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो आणि पेडल दगडासारखं होतं. पॉवर स्टिअरिंग जड होतं. किल्ली एक घर जास्त फिरली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. बऱ्याच ऑटोमॅटिक गिअरबॉक्सना इंजिन बंद असताना तेल मिळत नाही, ते खराब होतात. ट्रकच्या मागे चिकटून हवा चुकवण्याबद्दलही हेच. बचत खरी आहे, मी नाकारत नाही. पण ताशी ८० ला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते, आणि ट्रकचे ब्रेक लागलेले कळून पाय हलेपर्यंत सेकंद सहज जातो. आम्ही असा स्पर्धक तिथल्या तिथे बाद करतो. आकडा कितीही चांगला असो.

आता गाडीचं अंग. ताशी ५५-६० च्या सुमाराला लहान गाडीसाठी टायरचा रोध आणि हवेचा रोध साधारण सारखे असतात. त्यापुढे हवा वरचढ. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे ८० चे १०० केले की तो ५६ टक्क्यांनी वाढतो. म्हणूनच गाडीत सगळ्यात स्वस्तात होणारे बदल हवेसाठीचे असतात: पुढच्या जाळीचा काही भाग झाकणं (इंजिनाच्या तापमानावर डोळा ठेवून), चाकांना सपाट झाकण्या, पोटाखाली प्लॅस्टिकचा सपाट पत्रा, मागची चाकं अर्धी झाकणारे पडदे. १९९९ मध्ये आलेल्या पहिल्या होंडा इनसाइटची मागची चाकं अशीच झाकलेली होती, आणि तिचा रोध-गुणांक, म्हणजे तिच्या आकाराला हवा किती अडते त्याचं माप, ०.२५ होता.

खरी गंमत मात्र मागच्या टोकाला आहे. गाडी पुढून हवा कापते याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. मागे जी पोकळी तयार होते तीच गाडीला मागे ओढत असते, हे कमी जणांना ठाऊक असतं. ती डोळ्यांनी बघता येते. लोकरीचे बोटभर लांब धागे कापायचे आणि मागच्या काचेवर, डिकीवर, चिकटपट्टीने एका टोकाने चिकटवायचे, वीतभर अंतराने. दुसरी गाडी शेजारच्या लेनमधून, तिच्यात चालक सोडून दुसरा माणूस व्हिडिओ काढायला. जिथे हवा अंगाला धरून वाहते तिथे धागे सरळ पाठीमागे झोपलेले दिसतात. जिथे ती सुटली तिथे धागे उभे राहतात, गोल फिरतात, काही तर उलटे पुढच्या दिशेला वळतात. मग जाड पुठ्ठ्याची शेपटी जोडून बघायची, उतार साधारण दहा ते पंधरा अंश. त्याहून तीव्र केला की हवा पुन्हा सुटते. वुनिबाल्ड काम या जर्मन अभियंत्याने १९३० च्या दशकात दाखवलं की अशी निमुळती शेपटी मध्येच सरळ कापून टाकली तरी बराचसा फायदा टिकतो. आजच्या कितीतरी गाड्यांची मागची बाजू त्याच्यामुळे तशी आहे.

टायरबद्दल फार बोलत नाही: हवा कंपनीने सांगितलेल्यापेक्षा कधीही कमी नको, आणि टायरवर छापलेल्या कमाल आकड्याच्या वर कधीही नको. जास्तीचं सामान उतरवा.

राहिलं इंजिन. पेट्रोलच्या नळीला लावायचे चुंबक, हवेत मिसळायचे वायू, जादूचे थेंब. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने अशी शंभराहून अधिक उपकरणं तपासली, आणि बहुतेकांत काहीच बचत दिसली नाही. चांगली माणसं यात पैसे घालतात याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्यांना फरक पडल्यासारखा का वाटतो? कारण उपकरण बसवल्यावर त्यांचा पाय हलका होतो.

म्हणून मोजमाप. टाकी ‘फुल’ म्हणजे नेमकी कुठवर? पंपाचा कट-ऑफ प्रत्येक वेळी थोडा वेगळा असतो, गाडी जरा तिरकी उभी असली तरी फरक पडतो. पेट्रोल दर अंशाला साधारण हजारात एक भाग फुगतं. चाळीस लिटर दहा अंशांनी तापलं तर जवळपास चारशे मिलिलिटर वाढतं. पुठ्ठ्याच्या शेपटीचा सगळा फायदा तेवढ्यात गायब होऊ शकतो! त्यामुळे एकच पंप, एकच नोझल, गाडीचं तोंड त्याच दिशेला, झाकणाला सील. बदल तपासायचा तर आधी बदलाशिवाय, मग बदलासह, मग पुन्हा बदलाशिवाय. पहिला आणि तिसरा आकडा जुळला नाही, तर मधल्याला अर्थ नाही. वारा पडला असेल, इंजिन तापलं असेल.

तुमच्या गटात स्पर्धा भरवायची असेल तर नियम थोडे पण पक्के ठेवा. किमान सरासरी वेग ठरवा, नाहीतर लोक सायकलच्या वेगाने चालवतील आणि मागच्यांचा छळ होईल. निकाल नुसत्या किलोमीटरवर न लावता गाडीच्या प्रमाणित आकड्यापेक्षा किती टक्के जास्त, यावर लावा, म्हणजे जुन्या जड गाडीवाल्यालाही संधी मिळते. प्रत्येक गाडीत दुसऱ्या गटाचा निरीक्षक बसवा. निकालानंतर प्रत्येकाने काय केलं ते उघड सांगायचं, काही झाकून ठेवायचं नाही. आणि वेळ असेल तर पहिला आणि शेवटचा आलेला, दोघांनी गाड्या बदलून तीच फेरी पुन्हा मारावी. त्या फरकात गाडीचा वाटा किती आणि पायाचा किती, ते तासाभरात कळतं.