गियरबॉक्स उतरवण्याआधी

जुन्या स्पोर्ट्‌स कारचा क्लच बिघडला की बोलणं लगेच गियरबॉक्स उतरवण्यावर येतं. त्याआधी दुखणं कोणतं ते ठरवा. आरपीएम चढतात पण गाडी तेवढी पळत नाही, तर क्लच घसरतोय. तिथे बहुधा प्लेट झिजलेली असते किंवा तिला तेल लागलेलं असतं. पेडल पूर्ण दाबूनही रिव्हर्स करकरत पडतो, तर क्लच नीट सुटत नाही. पुष्कळ जुन्या गियरबॉक्समध्ये रिव्हर्सला सिंक्रोमेश (गियरचा वेग जुळवून घेणारी व्यवस्था) नसतो, म्हणून पहिली तक्रार तोच करतो. हायड्रॉलिक्सचा, म्हणजे पेडलचा दाब फ्लुइडने क्लचपर्यंत नेणाऱ्या पेडलकडच्या मास्टर सिलिंडरचा, क्लचकडच्या स्लेव्ह सिलिंडरचा आणि त्यांना जोडणाऱ्या होजचा संशय घ्यायचा तो इथे.

आता पाना नको, पट्टी घ्या. इंजिन बंद, गाडी स्टँडवर. स्लेव्ह सिलिंडर बाहेरून दिसत असेल, तर एकाने पेडल तळापर्यंत दाबायचं आणि दुसऱ्याने स्लेव्हचा पुशरॉड (क्लचला ढकलणारी दांडी) किती सरकतो ते मोजायचं. अनेक गाड्यांत हा आकडा १२ ते १५ मिमीच्या आसपास असतो. नेमका आकडा आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या. तेवढा भरला आणि तरी गियर करकरतोय, तर दोष आत आहे: क्लच सोडवणारा फोर्क, गंजून फ्लायव्हीलला (इंजिनच्या जड चाकाला) चिकटलेली प्लेट, गियरबॉक्सच्या शाफ्टचं टोक पेलणारं पण जाम झालेलं पायलट बेअरिंग. ट्रायम्फच्या टीआर गाड्यांत फोर्क शाफ्टवर धरून ठेवणारी टेपर पिन तुटते, हे तर प्रसिद्धच आहे. मग मात्र गियरबॉक्स उतरवण्याला पर्याय नाही.

आकडा कमी भरला, तर बाहेरच शोधा. स्लेव्हचा बोअर (आतला व्यास) १९ मिमी धरला, तर पिस्टनचं क्षेत्रफळ सुमारे २८४ चौरस मिमी येतं. म्हणजे दाबाखाली १ मिली हवा जवळजवळ ३.५ मिमी हालचाल खाऊन टाकते. पाच-सहा वेळा पंप केल्यावर गियर नीट पडतो, तो अशा हवेमुळे. पेडल दाबून धरल्यावर ते हळूहळू खाली जातं आणि बाहेर थेंबही नाही, तर बहुतेक वेळा मास्टरचं सील आतल्या आत गळतंय. खात्री करायची तर मास्टरचं आउटलेट प्लगने बंद करा आणि हवा काढा: पेडल दगडासारखं घट्ट लागलं पाहिजे. स्लेव्हचा रबरी बूट मागे सरकवून आत ओल आहे का तेही बघा. पेडलमागच्या कार्पेटखाली ओल असेल, तर गळती मास्टरची.

पेडल आणि मास्टरचा पुशरॉड जोडणारी क्लेव्हिस पिन विसरू नका. पेडलचं गुणोत्तर ५:१ असेल, तर पिनेतला १ मिमी प्ले (ढिलाई) पावलाखाली ५ मिमी होतो. फुकटात सापडणारा दोष, आणि बहुतेक जण तिथे बघतच नाहीत.

होज मात्र फसवतो. आतून फुगला की फ्लुइड जोराने पुढे जातं, पण परत येताना अडतं. मग पेडल सोडल्यावरही क्लच अर्धवट दाबलेला राहतो आणि घसरतो. घसरणाऱ्या क्लचमागे हायड्रॉलिक्स असू शकतं, ते असं. मास्टरच्या पुशरॉडला अजिबात प्ले ठेवला नाही, तरी हेच होतं, कारण पिस्टन पूर्ण मागे न आल्याने परतीचं छिद्र झाकलेलं राहतं.

एक सिलिंडर गेला तर दोन्ही आणि होजही एकदम बदला. ती सगळी एकाच वयाची असतात. बोअरमध्ये गंजाचे खड्डे असतील, तर नवीन सील किट घालणं म्हणजे पैसे वाया. हवा काढताना स्लेव्हचा निपल (हवा बाहेर सोडायचं तोंड) सगळ्यात वर आहे याची खात्री करा. तो खाली असेल तर हवा कितीही पंप केली तरी निघत नाही. डॉट ४ फ्लुइडमध्ये सिलिकोनचं डॉट ५ फ्लुइड मिसळू नका.