बोल्ट काढल्यावर

(कोल्हापुरात महाविद्यालयीन शिक्षकांपुढे झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

बोलायला उभा राहिलो आणि आधी तुमच्या खुर्च्यांकडंच नजर गेली. सगळ्या माझ्याकडं तोंड करून. विद्यार्थ्यांनी वर्गात नुसतं ऐकू नये, काहीतरी करावं, हे ऐकायला तुम्ही सगळे गप्प रांगेत बसलाय! असू दे, तासाभराचा प्रश्न आहे.

मी भौतिकशास्त्र शिकवतो. आमची खोली २२ बाय ३२ फुटांची, त्यात तिघातिघांचे २० बाक, फरशीत बोल्टनं आवळलेले. भिंतीकडेला बसणाऱ्या पोरीपर्यंत पोचायचं तर दोघींना उठवावं लागे, म्हणून मी कधी गेलोच नाही. एकदा प्रॅक्टिकलला तिची वही हातात आली. उंची मीटरमध्ये लिहिलेली आणि 'जी'ची, म्हणजे गुरुत्व त्वरणाची, किंमत सेंटिमीटरमधली, ९८०. स्थितिज ऊर्जेची सगळी उत्तरं शंभर पटीनं चुकलेली, तीही सबंध सत्रभर. पद्धत बरोबर होती, नेमानं लिहीतही होती. माझ्यात आणि तिच्यात फक्त दोन दप्तरं होती.

मग वाचायला लागलो. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात रॉबर्ट बायक्नर यांनी १९९०च्या दशकात मोठ्या वर्गांसाठी एक रचना बसवली. ७ फूट व्यासाचं गोल टेबल, भोवती नऊ जण, तिघातिघांचे तीन गट. खोलीला 'पुढची बाजू' अशी नाहीच. वाचून हुरूप आला, टेप घेऊन मोजायला गेलो. टेबल ७ फूट, दोन्हीकडं खुर्चीला आणि जाण्यायेण्याला तीन-तीन फूट, म्हणजे एका टेबलाला १३ फूट लागले. आमच्या खोलीत दोन टेबलं बसतात, १८ मुलं. उरलेली ४२ कुठं बसवू, रंकाळ्यावर?

तेव्हा टेबलाचा नाद सोडला. मामांनी (म्हणजे आमच्या शिपायांनी) पान्हा आणला आणि आम्ही बोल्ट काढले. दोन बाक समोरासमोर केले की सहा जणांचा एक गट होतो, असे दहा गट. मधून माणूस जाईल एवढी वाट मोजून सोडली. बाक सरकवताना खालच्या मजल्यावरून तक्रार आली, तर मामांनी सायकलच्या जुन्या ट्यूबा कापून पायांना बांधल्या. तीन भिंतींना फळ्याचा काळा रंग दिला. प्रत्येक गटाला आपापला तुकडा. वहीतली चूक झाकता येते, भिंतीवरची शेजारच्या गटाला आधी दिसते. स्मार्ट बोर्ड आणि रंग यांपैकी एकावरच खर्च करायचा असेल तर माझं मत रंगाला. यावर इथल्या काहींचा राग होईल, होऊ दे.

आपल्याकडं तालमीत हे कधीपासून चालतं. हौद्यात एका वेळी सहा-सात जोडी खेळतात आणि वस्ताद कडेनं फिरतात. एखाद्याचा पाय चुकीचा पडला की तिथंच थांबवतात. वस्तादांनी उंचावर उभं राहून धोबीपछाडवर तासभर बोलल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

आवाजाचं मात्र सांगून ठेवतो. ६० जण एकदम बोलले की खोलीत नुसता गलका होतो. मागच्या भिंतीवर सॉफ्टबोर्ड ठोकला, थोडा फरक पडला. गप्प करायला मी दिवे बंद करतो. जुलैत पत्र्यावर पाऊस कोसळतो तेव्हा माझं ऐकूच जात नाही, पण समोरासमोरचे सहा जण एकमेकांना व्यवस्थित ऐकतात.

उपयोग होतो का? विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या वर्गांवरच्या २२५ अभ्यासांचा आढावा २०१४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. निव्वळ व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचं प्रमाण ३३.८ टक्के, सक्रिय वर्गांत, म्हणजे जिथं विद्यार्थी स्वतः काहीतरी करतात तिथं, २१.८. पण अमेरिकेतल्याच एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेत अशी खोली सुरू झाली तेव्हा पोरांनी विरोधात सह्या गोळा केल्या होत्या, हेही लक्षात ठेवा. आमच्याकडंही पहिल्या आठवड्यात एकजण म्हणाला, "सर, आता डुलकी काढायला कोपराच राहिला नाही."

तो उरलाय एक. दाराजवळच्या जादा, एकविसाव्या बाकाचे चार बोल्ट गंजून बसलेत, निघत नाहीत. तो बाक अजून फळ्याकडंच तोंड करून आहे. त्यावर मी पिशवी ठेवतो.