मावळत्या सूर्यावर डोळा ठेवणारं यंत्र

श्रोतेहो, नमस्कार.

भर दुपारी सूर्याकडे बघायची सोय नसते, पण मावळताना तोच कसा मऊ, तांबूस दिसतो. त्याचा प्रकाश तेव्हा हवेच्या लांबच लांब पट्ट्यातून आडवा येतो आणि वाटेत बराचसा गळतो. ही गळती मोजणारं 'सॅम-२' नावाचं उपकरण १९७८च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या निंबस-७ उपग्रहावरून वर गेलं.

हा उपग्रह दिवसाला जवळजवळ १४ फेऱ्या मारी, म्हणजे त्याला रोज १४ सूर्योदय आणि तितकेच सूर्यास्त! सूर्य खाली उतरताना कुठल्या उंचीवर किती मंदावला, त्यावरून तिथे किती एरोसॉल, म्हणजे हवेत तरंगणारे सूक्ष्म कण आहेत, ते कळे. मला यातली खुबी फार आवडते. वाणी माल घालण्याआधी काटा शून्यावर आहे ना, बघतो. तसं हे उपकरण प्रत्येक वेळी वातावरणाबाहेरचा निखळ सूर्यही मोजून घेई. मग ते जुनं झालं म्हणून माप चुकण्याची भीती नाही.

अडचण कक्षेची होती. तिच्यामुळे हे सूर्यास्त फक्त उत्तर ध्रुवाकडे आणि सूर्योदय दक्षिण ध्रुवाकडे दिसत. मधली सगळी पृथ्वी राहून जाई. पण घबाड सापडलं ते त्या कोपऱ्यांतच. हिवाळ्यात साधारण २० किलोमीटर उंचीवर प्रकाश एकदम कित्येक पटींनी जास्त अडू लागला. ढग! स्थितांबर, म्हणजे नेहमीच्या ढगांच्याही वरचा हवेचा थर, इतकं कोरडं, की तिथे ढग म्हणजे नवलच. नॉर्वेत शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखे चमकणारे ढग क्वचित दिसत, एवढं ठाऊक होतं. नासाचे शास्त्रज्ञ पॅट्रिक मॅकॉर्मिक आणि सहकाऱ्यांनी १९८२ साली दाखवलं, की थंडी उणे ७८ अंशांच्या आसपास उतरली की ते नेमाने येतात, अंटार्क्टिकावर तर फारच.

तीनच वर्षांनी अंटार्क्टिकावरच्या ओझोनच्या थराला पडलेलं भगदाड जगाला कळलं. अमेरिकी वातावरणशास्त्रज्ञ सुझन सॉलोमन आणि इतरांनी या ढगांवर बोट ठेवलं. फ्रिज-स्प्रेमधल्या वायूंतून वर गेलेला क्लोरीन एरवी निरुपद्रवी संयुगांत अडकलेला असतो. ढगांच्या कणांवर तो मोकळा होतो आणि सप्टेंबरात ऊन परतलं की ओझोन फस्त करू लागतो.

जिथे सूर्यच उगवत नाही, त्या भर ध्रुवीय रात्रीत मात्र सॅम-२ आंधळं होतं. २००६ साली गेलेल्या कॅलिप्सो उपग्रहाने स्वतःचा लेसरच सोबत नेला, आणि २०२३पर्यंत तो त्या अंधारातले ढग चाचपत राहिला.