फैजपूरला जहाज लागत नाही

(जळगाव जिल्ह्यातील फैजपूर येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मंडळी, पत्रिकेत माझा विषय छापलाय, 'जहाजी मालवाहतुकीतले दहा शब्द'. मी फोनवर 'दहा-एक' म्हणालो होतो. छापणाऱ्याने 'एक' गाळला आणि मला दहावर आणून बांधलं. (हशा) आता दहा म्हणजे दहा. पाऊण तास आहे, बसवतो.

पण आधी जे सांगायला मी मुळात आलोय ते सांगून घेतो. हे शब्द इंग्रजी आहेत म्हणून आपला माणूस बिचकतो. एजंट म्हणेल तिथं सही करतो आणि मागून बिल आलं की कपाळाला हात लावतो. अहो, हे सगळे बांधाचे शब्द आहेत. माझं कुठं संपतं आणि तुमचं कुठं सुरू होतं, एवढंच ते सांगतात. आणि बांधाचं भांडण खानदेशात कोणाला शिकवावं लागतं का? आमच्या भाऊबंदकीत बांधावरच्या एका बाभळीपायी दोन पिढ्या भुसावळच्या कोर्टात गेल्या. बाभूळ मध्येच वाळली, तारखा चालू राहिल्या.

आपण केळीचा सौदा कसा करतो? व्यापारी बागेत येतो, घड बघतो, भाव ठरतो. कापणी त्याची, भराई त्याची, ट्रक त्याचा. याला आपण 'जागेवर' म्हणतो. जहाजवाले त्याला 'एक्स वर्क्स' म्हणतात. उलट दिल्लीच्या मंडईत नेऊन द्यायचं ठरलं तर 'पोच'. त्यांच्याकडे त्याला 'डीएपी', आणि तिकडची जकातही आपणच भरायची असेल तर 'डीडीपी'. झाले तीन शब्द! (बोर्डभाव, म्हणजे जाहीर होणारा भाव, एक आणि बागेतला भाव दुसरा, हे कोणत्या इंग्रजी शब्दात बसतं असं मला विचारू नका. त्याला कुठल्याच भाषेत शब्द नाही.) (हशा)

अशा शब्दांची यादी पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सने पहिल्यांदा छापली ती १९३६ साली. तिला इन्कोटर्म्स म्हणतात. आता १९३६ म्हटल्यावर फैजपूरच्या माणसाचे कान उभे राहतात. त्याच वर्षी डिसेंबरात इथं काँग्रेसचं अधिवेशन झालं, खेड्यात भरलेलं पहिलं. अध्यक्ष पंडित नेहरू, आणि बांबूची सजावट नंदलाल बोसांची. तिकडे ते व्यापाराचे बांध आखत होते, इकडे आपण मांडव घालत होतो. एकाला दुसऱ्याचा पत्ता नव्हता, पण मला हे सांगायला आवडतं. आणि समुद्र आपल्याला अगदीच परका नाही हो. मुघलांच्या काळात बऱ्हाणपूरचा माल खानदेशातूनच सुरतेला उतरायचा. आपली तापीसुद्धा शेवटी तिथंच जाते.

आता माझी फजिती. आखातातल्या एका व्यापाऱ्याला मी पहिलं कोटेशन पाठवलं त्यात दिमाखात लिहिलं, 'एफओबी फैजपूर'. त्याचं उत्तर आलं, 'या बंदराची खोली किती?' (हशा) मला कळेना. आबांना विचारलं. ते म्हणाले, "तुहं जहाज काय सावद्याच्या टेसनावर लागतं का रे?" एफओबी म्हणजे फ्री ऑन बोर्ड. माल जहाजावर चढवून देईपर्यंतचा खर्च आणि जोखीम विकणाऱ्याची. म्हणून त्या शब्दापुढे बंदराचंच नाव लागतं. एफओबी न्हावा-शेवा. फैजपूरला जहाज लागत नाही.

चढवून म्हणजे नेमकं कुठवर? पूर्वी बांध होता जहाजाचा कठडा. माल कठड्यावरून पलीकडे गेला की जोखीम घेणाऱ्याची. यावरून लंडनला एक खटला झाला, १९५४ सालचा निकाल आहे. आपल्या भारत सरकारने तिथून आगीचा बंब घेतला होता, लंडन एफओबी. जहाज कोणाचं? सिंदियाचं. म्हणजे सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी उभ्या केलेल्या कंपनीचं. १९१९ च्या ५ एप्रिलला जिचं 'लॉयल्टी' जहाज मुंबईहून निघालं, तीच. बंब क्रेनने उचलला, आणि कठडा ओलांडायच्या आधीच खाली धक्क्यावर आदळला. मग न्यायाधीश बसले बंब हवेत कुठं होता ते ठरवत! अखेर इन्कोटर्म्सच्या २०१० च्या नियमावलीत कठडा काढून टाकला. आता माल जहाजावर नीट ठेवला गेला की मग जोखीम सरकते. बांधावरची बाभूळ तोडून टाकावी तसं.

बरं, आता बिल्टी. मूळ यादीत हा आठवा शब्द होता, पण याच्यावर माझे पैसे गेलेत म्हणून आधी घेतो. जहाजी कंपनी माल घेतल्यावर जो कागद देते तो 'बिल ऑफ लेडिंग'. आपली बिल्टीच ती. पण ट्रकची बिल्टी नुसती पावती असते. जहाजाची बिल्टी म्हणजे मालच, कागद होऊन तुमच्या हातात आलेला. ती ज्याच्याकडे, माल त्याचा.

२०१७ ची गोष्ट. आमची पहिली रीफर, म्हणजे गार ठेवणारा चाळीस फुटी कंटेनर. त्याला आपण डबाच म्हणू. केळी साडेतेरा अंशाच्या आसपास ठेवावी लागतात. फार खाली गेलं की साल काळवंडते, वर गेलं की वाटेतच पिकतात. डबा न्हावा-शेव्याहून सुटला, चार-पाच दिवसांत दुबईला जबल अलीला लागला. माझ्या हातात बिल्टीच्या तीन मूळ प्रती. तीन कशासाठी? एक हरवली तर दुसरी असावी म्हणून. कोणत्याही एकीवर माल सुटला की बाकीच्या बाद. मी प्रत्येक अक्षर तपासलं. 'बनाना'त एक 'ए' जास्त होता, तो दुरुस्त करून घेतला. माल कोणाला द्यायचा त्या रकान्यात लिहिलं होतं, 'टू ऑर्डर'. मला वाटलं, ऑर्डरप्रमाणे माल, बरोबर आहे. दोन प्रती कुरिअरने पाठवल्या, एक कपाटात ठेवली.

तिकडून फोन. "भाईसाब, पीछे साइन नहीं है." मी म्हटलं, पुढं सगळं आहे ना, मागचं काय बघता? अहो, 'टू ऑर्डर' बिल्टी हुंडीसारखी असते. मागे माझी सही-शिक्का पडल्याशिवाय पुढच्याला हक्कच मिळत नाही. मी कोऱ्या पाठीची बिल्टी पाठवली होती! कपाटातली तिसरी काढली, पाठीवर सही ठोकली, पुन्हा कुरिअर. त्यात तिकडे तेव्हा शुक्रवार-शनिवारची सुट्टी, इकडे माझा रविवार. आमचा एजंट होता, नाव घेत नाही. त्याला विचारलं, बाबा, सही लागते हे सांगितलं का नाहीस? तर म्हणे, "तुम्ही विचारलंच नाही."

डबा बंदरात उभा. पाच दिवस फुकट मिळतात, त्यांना 'फ्री डेज' म्हणतात. ते संपले आणि मीटर सुरू. मग विजेचंही मीटर, कारण रीफरला बंदरात वीज लावावी लागते, तिचे पैसे वेगळे. शेवटी डबा सुटला. व्यापाऱ्याने तो आपल्या कोल्ड स्टोरेजला नेला आणि सावकाश रिकामा केला. महिन्याने माझ्याकडे डेबिट नोट आली. तीत दोन आकडे, 'डिमरेज' आणि 'डिटेन्शन'. मी भडकलो. एकाच तापाचं दोन डॉक्टरांना बिल? फोनवर मी जी भाषा वापरली ती या व्यासपीठावर सांगता येणार नाही, पुढच्या रांगेत गुरुजी बसलेत. (हशा)

पण ते बरोबर होते, निदान शब्दांपुरते. भरलेला डबा बंदराच्या आत अडून राहिला तर डिमरेज. बाहेर नेलेला डबा रिकामा करून वेळेत परत दिला नाही तर डिटेन्शन. बंदराचं फाटक हा बांध. सावद्याच्या मालधक्क्यावर ज्यांनी केळी भरलीय त्यांना हे माहीत आहे. वॅगन अडकली तर डॅमरेज, माल धक्क्यावर पडून राहिला तर व्हार्फेज. म्हणजे शब्दांची जोडी आपण आधीच शिकलो होतो, फक्त ती रेल्वेत सोडून आलो. डिमरेज मी भरलं, चूक माझी होती. डिटेन्शनवरून मात्र मी भांडलो. डबा त्याने अडवला होता, त्याने भरावं. अजून भांडतोय.

(संयोजकांकडून चिठ्ठी येते.) 'सात मिनिटे.' बरं. मग आता धावत.

सीआयएफ. हा सगळ्यात फसवा. विकणारा समोरच्या बंदरापर्यंतचं भाडं आणि विमा भरतो, म्हणून आपल्याला वाटतं जोखीमही तिथपर्यंत त्याचीच. नाही! जोखीम एफओबीसारखीच, माल इकडे जहाजावर चढला की सरकली. खर्चाचा बांध एकीकडे, जोखमीचा दुसरीकडे. जळगावच्या डाळ मिलवाल्यांनी हे ध्यानात ठेवावं. बाहेरून सीआयएफने तूर येते, तिच्यात समुद्रावर पाणी शिरलं तर रडणं तुमचं, आणि विमाही कमीत कमी संरक्षणाचा असतो, वेगळं ठरवून घेतलं नसेल तर. आणि मालकी कोणाची, हे इन्कोटर्म्स सांगतच नाहीत. ते करारात.

एफसीए, म्हणजे फ्री कॅरिअर. ठरलेल्या जागी माल वाहतूकवाल्याच्या ताब्यात दिला की जोखीम सरकली. डब्यातल्या मालाला खरं तर हाच शब्द वापरावा, एफओबी नाही. कारण डबा आपण यार्डात देऊन मोकळे होतो, जहाजावर तो कधी चढतो ते आपल्या हातात नसतं. सगळे तरी एफओबीच लिहितात. मीसुद्धा.

एफसीएल म्हणजे अख्खा डबा आपला, एलसीएल म्हणजे भागीत. 'सेड टू कंटेन' बिल्टीवर छापलेलं असतं. म्हणजे कंपनी म्हणते, आत केळी आहेत असं हा माणूस म्हणतो, आम्ही उघडून बघितलं नाही.

आणि शेवटचा, जनरल ॲव्हरेज. आपल्याकडे ॲव्हरेज म्हणजे मोटरसायकल लिटरला किती देते. तसं नाही. जहाज संकटात सापडलं आणि सगळ्यांसाठी काही माल फेकावा लागला किंवा खर्च झाला, तर तो ज्याचा-ज्याचा माल वाचला त्या सगळ्यांनी वाटून घ्यायचा. २०२१ च्या मार्चमध्ये सुएझ कालव्यात 'एव्हर गिव्हन' आडवं झालं. सहा दिवस अडकलं. त्यात ज्यांचे डबे होते त्यांच्या मालाला ओरखडा नाही, पण वर्गणी मात्र मागितली. विमा का काढायचा ते यावरून कळेल.

किती झाले मोजू नका. चहा आलेला दिसतोय. सही नसलेल्या त्या दोन प्रती नंतर तिकडून परत आल्या, त्या मी आणल्यात. पाठ कोरी कशी दिसते ज्यांना बघायचंय त्यांनी इकडे या. फक्त बशी त्यांच्यावर ठेवू नका.