शनिवारची रांग, सोमवारची नोटीस

‘ताईंकडे जाऊन येतो’ या वाक्याचा अर्थ इंदुरात तीस वर्षे कोणाला समजावून सांगावा लागला नाही. चिपळूणला जन्मलेल्या आणि लग्नानंतर इंदूरच्या झालेल्या ताई, म्हणजे सुमित्रा महाजन, 1984-85 मध्ये आपल्या नगरनिगमात उपमहापौर होत्या. 1989 मध्ये त्यांनी प्रकाशचंद्र सेठी यांच्यासारख्या माजी मुख्यमंत्र्यांचा पराभव केला आणि 2014 पर्यंत सलग आठ निवडणुका याच मतदारसंघातून जिंकल्या. त्यांचे चरित्र सांगण्यासाठी मी उभा नाही, ते आपल्यापैकी अनेकांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. परंपरेवर श्रद्धा असणाऱ्या, उजव्या विचारांच्या खासदाराचा आठवडा प्रत्यक्षात कशात जातो आणि त्यातले कोणते काम आपण मतदार मोजतो, एवढाच आजचा विषय आहे.

सुरुवात खासदाराच्या दाराशी लागणाऱ्या रांगेपासून करू. वकिलीच्या निमित्ताने अनेक लोकप्रतिनिधींच्या दाराशी मी पक्षकारांबरोबर बसलो आहे. तिथे येणाऱ्या माणसाच्या हातातला कागद बहुधा नर्मदेच्या नळाविषयीचा, तुंबलेल्या ड्रेनेजविषयीचा, मुलीच्या बदलीचा किंवा रेल्वेच्या कोट्यातल्या बर्थचा असतो. यांतले पाणी आणि ड्रेनेज नगरनिगमाचे, बदली राज्य सरकारची. कायद्याने पाहू गेले तर खासदाराच्या हातात यातले जवळजवळ काहीच नाही. तरीही तो ‘हे माझे काम नाही’ असे म्हणू शकत नाही, कारण रांगेतला माणूस केंद्रसूची आणि राज्यसूची वाचून आलेला नसतो. मग एक पत्र लिहिले जाते, एक फोन होतो, आणि काम झाले तर त्याचे श्रेय मिळते ते फोन करणाऱ्याला. खासदार निधीतून वर्षाला पाच कोटी रुपयांची कामे सुचवता येतात. तीही सुचवायचीच, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांची. इंदूर मतदारसंघात देपालपूर, राऊ, सांवेर आणि शहरातले पाच असे आठ विधानसभा क्षेत्र येतात आणि मतदार पंचवीस लाखांच्या घरात आहेत. माणशी हिशेब केला तर वर्षाला वीस रुपये पडतात. (महूचे श्रोते इथे असतील, तर त्यांनी रुसू नये, महू धार लोकसभेत आहे.)

मात्र रांगेचा खरा उपयोग वेगळा आहे. तिच्यात एकच तक्रार वीस वेळा आली, तर ती व्यक्तीची अडचण राहत नाही, धोरणातला दोष ठरते, आणि तो दोष दिल्लीत मांडण्याची साधने नियमांत लिहून ठेवलेली आहेत. लोकसभेत सकाळी अकरा वाजता प्रश्नोत्तराचा तास सुरू होतो. रोज तारांकित, म्हणजे तोंडी उत्तराचे, प्रश्न वीस आणि अतारांकित, म्हणजे लेखी उत्तराचे, दोनशे तीस. प्रश्नाची नोटीस किमान पंधरा दिवस आधी द्यावी लागते आणि क्रम सोडतीने ठरतो. प्रत्यक्षात तोंडी उत्तर चार-पाच प्रश्नांनाच मिळते. त्यानंतर तातडीचे विषय मांडण्याचा शून्य प्रहर, आणि नियम 377 खाली आठवड्यातून एकदा मतदारसंघाचा एखादा विषय मांडण्याची सोय, जिचे उत्तर मंत्री पुढे पत्राने देतो. शुक्रवारी दुपारी अडीच तास खासगी, म्हणजे मंत्री नसलेल्या, सदस्यांच्या विधेयकांचे आणि ठरावांचे. स्वातंत्र्यानंतर अशी चौदाच विधेयके कायदा झाली आणि शेवटचे 1970 मध्ये. पण म्हणून ती मांडणे व्यर्थ मानायचे कारण नाही, पुढच्या सरकारी विधेयकाचे बी कित्येकदा तिथेच पडते.

या साधनांची गती किती मंद, ते इंदूर-मनमाड रेल्वेमार्गावरून आपल्याला माहीत आहे. मुंबईला जाण्यासाठी रतलाम, वडोदऱ्याचा वळसा घालणाऱ्या आपल्या मराठी घरांत हा विषय दोन पिढ्या चालला. ताईंनी त्याचा पाठपुरावा केला, इतरांनीही केला, आणि केंद्रीय मंत्रिमंडळाची 309 किलोमीटरच्या, 18,036 कोटी रुपयांच्या या मार्गाला मंजुरी आली ती सप्टेंबर 2024 मध्ये, ताई संसदेतून निवृत्त झाल्यावर पाच वर्षांनी. यात श्रेय कोणत्या आठवड्याचे, हे कोणी कसे ठरवावे?

आता ज्या कामाला टाळ्याही मिळत नाहीत आणि मतेही मिळत नाहीत, त्याच्याकडे वळतो. 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यानंतर सभागृहातले मतदान पक्षादेशाने बांधले गेले. पक्षाचा व्हिप, म्हणजे हा आदेश, मोडून मत दिले, तर सदस्यत्व जाऊ शकते. खासदाराला स्वतःच्या बुद्धीने वागण्याची जागा उरली ती मंत्रालयांचे काम आणि विधेयके तपासणाऱ्या विभागसंलग्न स्थायी समित्यांत. तिथे लोकसभेचे एकवीस आणि राज्यसभेचे दहा सदस्य बंद दाराआड बसतात, अधिकाऱ्यांना कागद घेऊन बोलावतात, आणि व्हिप लागू नसतो. ग्रामीण विकासाच्या अशाच समितीच्या अध्यक्ष सुमित्रा महाजन असताना तिच्यापुढे 2011 चे भूसंपादन विधेयक आले. सरकार काँग्रेसप्रणीत आघाडीचे, अध्यक्ष भाजपच्या. मे 2012 च्या अहवालात समितीने म्हटले की खासगी कंपन्यांसाठी आणि सरकारी-खासगी भागीदारीच्या प्रकल्पांसाठी शासनाने जमीन संपादन करूच नये. उजव्या पक्षाच्या नेत्याकडून असे येणे अनेकांना नवल वाटले. मला वाटले नाही. वडिलोपार्जित जमीन धन्याच्या मर्जीविरुद्ध सरकारने दुसऱ्या धन्यासाठी हिसकावू नये, याहून अधिक परंपरानिष्ठ भूमिका कोणती असणार? 2013 मध्ये कायदा झाला तेव्हा ही शिफारस पूर्ण स्वीकारली गेली नाही. खासगी प्रकल्पांसाठी 80 आणि भागीदारीसाठी 70 टक्के बाधित कुटुंबांची संमती, अशी तडजोड झाली.

आणि मग काळाने उलटी बाजू दाखवली. जून 2014 मध्ये ताई लोकसभेच्या अध्यक्ष झाल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांच्याच पक्षाच्या सरकारने वटहुकूम काढून पाच प्रकारच्या प्रकल्पांना संमतीच्या अटीतून वगळले. मार्च 2015 मध्ये त्याचे विधेयक लोकसभेने मंजूर केले, तेव्हा पीठासीन पदावर त्याच होत्या, आणि अध्यक्ष मतदान करीत नाही. मते समसमान पडली तरच देतो. राज्यसभेत सरकारजवळ बहुमत नव्हते, पुढे आणलेले दुसरे विधेयक संयुक्त समितीकडे गेले आणि वटहुकूम ऑगस्टअखेर संपू दिला गेला. ताईंच्या त्या वेळच्या मौनाचा अर्थ मी लावत बसणार नाही. अध्यक्षाने प्रश्न विचारायचे नसतात, बाजू घ्यायची नसते. ज्या खुर्चीवर बसल्याने आठवड्यातली बहुतेक साधने हातातून जातात, अशी ती खुर्ची आहे.

त्यांच्यावर माझी तक्रार आहे ती निराळीच. सोळावी लोकसभा पाच वर्षांत 331 दिवस बसली, आणि तिच्यात मांडल्या गेलेल्या विधेयकांपैकी सुमारे 25 टक्केच समित्यांकडे गेली. आधीच्या लोकसभेत हे प्रमाण 71 टक्के होते. दोष एकट्या अध्यक्षांचा नव्हे, विधेयकाची वाट मुख्यतः सरकार ठरवते. पण समितीचे मोल ज्यांनी स्वतः अनुभवले होते त्यांनी त्याविषयी अधिक ठामपणे बोलायला हवे होते, असे मला वाटते. ऑगस्ट 2015 मध्ये गोंधळ घालणाऱ्या काँग्रेसच्या 25 सदस्यांना त्यांनी पाच दिवस निलंबित केले, तेव्हा शिस्तीचा आग्रह ठळक दिसला. शिस्तीचा तोच आग्रह विधेयके घाईने पुढे नेणाऱ्या सरकारपुढेही तितकाच दिसायला हवा होता.

समितीचे काम मतदारापर्यंत पोचत नाही, असे म्हणतात. भूसंपादनाचे विधेयक समितीपुढे असताना सांवेर तालुक्यातला माझा एक पक्षकार असाच एका रांगेत बसला होता. बायपासजवळची सहा बिघे जमीन जाईल, या भीतीने. त्याने मला विचारले, “वकीलसाहेब, ही समिती बसते कुठे?” दिल्लीत, संसद भवनात, असे सांगितले, आणि लोकांची निवेदनेही ती मागवते, हेही. त्या दुपारी आम्ही दोन पाने लिहिली आणि रजिस्टर पोस्टाने पाठवली. ती कोणी वाचली की नाही हे त्याला कधी कळले नाही. पोस्टाची पावती मात्र त्याने जमिनीच्या ऋणपुस्तिकेत घडी घालून ठेवली आहे.