शंभर ग्रॅमचा भाव

नमस्कार श्रोतेहो.

मला दिलेला विषय भलामोठा आहे. व्यापाराचं धोरण, कंपन्यांची हाव, आणि त्यात घरं, सरकार, हवामान यांचं काय होतं. एवढं सगळं पंधरा मिनिटांत बसवायचं म्हणजे लोकलच्या डब्यात चौथ्या सीटवर बसण्यासारखं आहे, थोडं बाहेर राहणारच. म्हणून मी एकच वस्तू घेतो. तेल. खायचं तेल.

तेलच का? माझी सगळी नोकरी बॅलार्ड इस्टेटला एका क्लिअरिंग एजंटकडे गेली. जहाजातून माल आला की त्याचं बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टममध्ये द्यायचा आयातीचा कागद, भरायचं, ड्युटीचा हिशोब करायचा, शिक्के घेऊन यायचे. लालबागला माझ्या मोठ्या भावाचं घर आहे आणि वहिनी गेली वीस-बावीस वर्षं दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेतात. चकली, शेव, चिवडा, करंजी. म्हणजे बंदरात तेल उतरतं ते माझं खातं, कढईत पडतं ते वहिनींचं. मधलं आम्हाला दोघांनाही कळत नव्हतं. ते कसं कळलं, ती गोष्ट सांगतो.

साल 2024. गणपतीचे दिवस. वहिनी बुकिंग घेतात ते गणपतीतच. लोक दर्शनाला येतात, प्रसाद खातात, जाताना म्हणतात, "काकी, चकली दोन किलो लिहा." वहिनी एका जुन्या डायरीत लिहितात आणि शेजारी भाव लिहितात. एकदा भाव लिहिला की लिहिला. त्या वर्षी चकलीच बेचाळीस किलो लिहून झाली होती.

आणि गणपती बसलेलेच असताना, 14 सप्टेंबरपासून, केंद्र सरकारने खाद्यतेलावरची आयात ड्युटी वाढवली. कच्च्या तेलावरची, म्हणजे कच्चं पाम, सोयाबीन, सूर्यफूल, मूळ ड्युटी शून्य होती ती 20 टक्के झाली. सेस आणि सरचार्ज धरून साडेपाच टक्क्यांची साडेसत्तावीस. रिफाइंड तेलावरची पावणेचौदाची पावणेछत्तीस. आकडे लक्षात नाही राहिले तरी चालतील. तारीख तेवढी ठेवा. 14 सप्टेंबर, शनिवार.

मंगळवारी अनंत चतुर्दशी. लालबागला त्या दिवशी काय असतं ते मी मुंबईकरांना सांगायला नको. सकाळी लवकर, रस्ते बंद व्हायच्या आत, वहिनी वाण्याकडे गेल्या. नेहमीची सूर्यफुलाची पिशवी, आदल्या आठवड्यात 120 रुपयांना घेतलेली. वाणी म्हणाला, "138." वहिनी म्हणाल्या, "कशाचे?" तो म्हणाला, "ड्युटी वाढली ना, टीव्हीवर बघितलं नाही?"

दुपारी मी गेलो तर वहिनी जेवायलासुद्धा न वाढता म्हणाल्या, "भावोजी, तुम्ही त्याच धंद्यातले. शनिवारी ड्युटी वाढली आणि मंगळवारी माझ्या पिशवीत आली? एवढं वेगात तर तुमच्या बंदरातून काही बाहेर पडत नाही."

मी मोठ्या तोऱ्यात समजावायला बसलो. म्हटलं, वहिनी, ड्युटी कुठल्या दराने भरायची हे सहसा बिल ऑफ एंट्री दाखल करतात त्या दिवशी ठरतं. ज्या तेलाची ड्युटी भरून झाली त्याचा नव्या दराशी संबंध नाही. त्या तेलाला नवा दर लागूच शकत नाही. श्रोतेहो, हे परत सांगतो, कारण सगळी गोम इथेच आहे: जे तेल ड्युटी भरून आधीच बाहेर पडलं, त्यावर जुनीच ड्युटी भरलेली होती.

वहिनी उठल्या. आदल्या आठवड्यातली एक न फोडलेली पिशवी आणि त्या दिवशीची नवी पिशवी ओट्यावर शेजारी शेजारी ठेवल्या. तोच ब्रँड, तेच सूर्यफूल, तेच हसणारं कुटुंब. चष्मा लावून मी तारीख वाचली. दोन्हींवर पॅकिंगचा महिना ऑगस्ट. ऑगस्ट! म्हणजे ड्युटी वाढलीच नव्हती, तेव्हाच्या तेलाचे अठरा रुपये जास्त.

मग त्यांनी कपाटावरून डिजिटल वजनकाटा काढला, बेसन मोजायचा. जुनी पिशवी ठेवली, नवी ठेवली. आकडा वेगळा. मी म्हटलं, काटा बिघडला असेल. "वाचा की," म्हणाल्या. जुन्या पिशवीवर 910 ग्रॅम. नवीवर, घडीजवळ, मुंगीएवढ्या अक्षरात, 870 ग्रॅम.

मी कारकून माणूस, डायरीच्या मागच्या पानावर भागाकार मांडला. जुन्या पिशवीत शंभर ग्रॅमला 13 रुपये 19 पैसे. नव्या पिशवीत शंभर ग्रॅमला 15 रुपये 86 पैसे. पिशवी हातात घेतली तर भाव 15 टक्के वाढलेला दिसतो. तेल मोजलं तर 20 टक्के वाढलेला असतो.

इथे जरा थांबून मापाचं सांगतो, कारण मला नेहमी राग येतो त्याचा. एक लिटर तेल म्हणजे साधारण 910 ग्रॅम. पण तेल गरम झालं की फुगतं, आणि फुगलेलं एक लिटर वजनाला कमी भरतं. तर काही कंपन्या पिशवीवर माप छापायच्या ते 60 अंश तापमानाचं. साठ अंशाला तेल ठेवतं कोण? मे महिन्यात आमच्या पत्र्याखालीसुद्धा एवढं होत नाही. 2022 मध्ये सरकारने कंपन्यांना सांगितलं की तापमान न छापता माप द्या, आणि सोबत वजनही द्या. ते चांगलं झालं. पण त्याच वर्षी, ठरावीक मापांच्याच पिशव्या विकायच्या, हे जुनं बंधनही निघालं. मग 910च्या शेजारी 870 आली, 840 आली. म्हणून लिटर बघू नका, ग्रॅम बघा. पुन्हा म्हणतो, लिटर बघू नका, ग्रॅम बघा.

तर परत लालबागला. त्याच मंगळवारी, बाहेर ढोल वाजत होते तेव्हा, दिल्लीत सरकारने तेलवाल्यांच्या संघटनांना बोलावलं होतं. सांगितलं, कमी ड्युटीत आलेलं सुमारे 30 लाख टन तेल देशात पडून आहे, ते 45 ते 50 दिवस पुरेल, तोवर एमआरपी वाढवू नका. बातमी वाचून मी खुशीत वहिनींना फोन केला. म्हटलं, बघा, सरकारने कान धरला.

वहिनींनी पलीकडे पिशवी उचलल्याचा आवाज आला. म्हणाल्या, "भावोजी, ह्याच्यावर छापलंय 170."

मी गप्प.

छापील किंमत 170. विक्री 120ला चालली होती, ती 138 झाली. एमआरपी वाढवू नका म्हणाले, कोणी वाढवली नाही! 120 पासून 170 पर्यंत मोकळं मैदान होतं, कायद्याचा धागासुद्धा न तुटता. तीसेक वर्षं ड्युटीचे कागद हाताळले मी, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. चकली तळणाऱ्या बाईच्या आलं.

आता तुम्ही विचाराल, त्या बेचाळीस किलोंचं काय झालं. किलोभर चकली पाव किलोच्या आसपास तेल पिते, भाजणी बिघडली तर जास्तच. पुतण्या म्हणाला, "आई, अर्ध्या किलोच्या पाकिटात साडेचारशे भर, कोण मोजतंय?" वहिनींनी त्याच्याकडे असं बघितलं की तो गॅलरीत मिरवणूक बघायला गेला. डायरीतला भाव डायरीतच राहिला. त्या दिवाळीत वहिनींना चकलीत काही सुटलं नाही. वरून एका गिऱ्हाईकाने विचारलं, "काकी, एअर फ्रायरमध्ये करून द्याल का?" एअर फ्रायरमधली चकली ही चकली नसते, ती भाजणीची शिक्षा असते. माझं मत आहे, आकाशवाणीचं नव्हे.

बरं, ड्युटी वाढवली ती कोणासाठी? शेतकऱ्यासाठी. लातूर, धाराशिव, हिंगोली, वाशीम, सगळा सोयाबीनचा पट्टा. परदेशी तेल महाग झालं की आपल्या सोयाबीनला भाव मिळेल, असा हिशोब. हेतू वाईट नव्हता, आणि नोव्हेंबरात आपल्याकडे विधानसभेची निवडणूकही होती. हमीभाव होता क्विंटलला 4,892 रुपये. मराठवाड्यातल्या बाजार समित्यांत ऐन हंगामात भाव त्याच्या खालीच रेंगाळला. का? सोयाबीनमध्ये तेल असतं जेमतेम 18 टक्के. बाकीची बहुतेक पेंड, जी कोंबड्यांच्या खाद्यात जाते. त्या वर्षी पेंडीला उठाव नव्हता, कारण मक्यापासून आणि तांदळापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा चोथा स्वस्तात बाजारात आला होता. ड्युटी लावली तेलावर आणि भाव पडला पेंडीचा. म्हणजे लालबागच्या घराने जास्त पैसे मोजले आणि लातूरच्या घराला ते मिळाले नाहीत. मधल्या मधे कुठे गेले? काही सरकारी तिजोरीत. आणि ऑगस्टच्या पिशवीचे अठरा रुपये तर तिजोरीतही गेले नाहीत.

त्याच पावसाळ्यात लाडक्या बहिणीचे दीड हजार सुरू झाले होते. चाळीतल्या बायकांना त्याचा आधार होता, मी नाही म्हणत नाही. पण महिन्याला चार-पाच पिशव्या लागणाऱ्या घराचा हिशोब ज्याने त्याने मांडावा.

जुन्या श्रोत्यांना रेशनचं पामतेल आठवत असेल. डालडाचा डबा घेऊन रांगेत उभं राहायचं. तेव्हा परदेशातून तेल आणायचं ते सरकारच आणायचं. 1972 मध्ये मृणालताई गोरे आणि अहिल्याताई रांगणेकरांनी महागाईविरुद्ध बायकांना याच मुंबईत रस्त्यावर आणलं, हातात लाटणी घेऊन. तेव्हा लाटणं कोणाला दाखवायचं ते माहीत होतं. पुढे 1986 मध्ये तेलबियांचं मिशन आलं, सूर्यफूल, मोहरी, सोयाबीन वाढलं, नव्वदीच्या सुरुवातीला आपण जवळजवळ स्वतःच्या पायावर उभे होतो. 1994 मध्ये पामोलिनची, म्हणजे पातळ पामतेलाची, आयात 65 टक्के ड्युटीवर खुली झाली, आणि चार वर्षांत ड्युटी 15 टक्क्यांवर आली. त्यानंतर आपण जे घसरलो ते आजतागायत. निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येतं. 2021-22च्या तेलवर्षात, म्हणजे नोव्हेंबर ते ऑक्टोबर, सुमारे 140 लाख टन आलं आणि त्याचं बिल दीड लाख कोटी रुपयांच्या वर गेलं.

आणि बाहेर काही झालं की आपली कढई हलते. फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटलं, सूर्यफूल अडकलं. एप्रिलच्या 28 तारखेला इंडोनेशियाने पामतेलाची निर्यातच बंद केली, ती 23 मेला उठवली. महिनाभरसुद्धा नाही, पण आपल्याकडे पिशवीचा भाव कसा उडाला ते तुम्ही पाहिलंय.

हवामानाचं राहतंय, ते घाईत सांगतो. इंडोनेशियात सुमात्रा आणि कालिमंतानला पामच्या बागांसाठी जंगलं तोडली, दलदलीच्या जमिनी सुकवल्या. त्या जमिनीत हजारो वर्षांचा झाडपाला न कुजता साठलेला असतो. सुकली की ती आतल्या आत, शेणाच्या गोवरीसारखी जळते, आणि लवकर विझत नाही. 2015 मध्ये इंडोनेशियात सुमारे 26 लाख हेक्टर जळालं, धूर सिंगापूरपर्यंत. सगळाच काही पामचा दोष नव्हे. आणि उद्या पाम बंद केलं तरी सुटका नाही, कारण पाम हेक्टरी तीन-चार टन तेल देतं, सोयाबीन अर्ध्या टनाच्या आसपास. तेवढंच तेल सोयाबीनचं काढायचं तर कितीतरी जास्त जमीन लागेल, ती ब्राझीलमध्ये जंगलं तोडूनच येते ते वेगळं सांगायला नको. त्यात इंडोनेशियाने 2025 मध्ये स्वतःच्याच डिझेलमध्ये 40 टक्के पामचं इंधन मिसळायला घेतलं. म्हणजे आपल्या शेवेची स्पर्धा तिकडच्या ट्रकशी. बिस्किटात, फरसाणात, साबणात, सगळीकडे हेच तेल. वडापाव शेंगदाणा तेलातलाच खावा, असं माझे वडील म्हणायचे. तेव्हा ते परवडत होतं.

शेवटचं एक सांगतो, समोर काचेआड हात वर झालाय. 2025 च्या मे महिन्याच्या अखेरीस सरकारने कच्च्या तेलावरची मूळ ड्युटी 20 वरून 10 वर आणली. सगळं धरून साडेसोळा. रिफाइंडची पावणेछत्तीस तशीच ठेवली, म्हणजे कच्चं आणून इथे शुद्ध करणाऱ्या रिफायनरीवाल्यांना दोन ड्युट्यांमधलं अंतर मोठं मिळालं. जूनमध्ये सरकारने त्यांना सांगितलंही, फायदा गिऱ्हाइकापर्यंत पोचवा. आठवड्याभराने वहिनींचा फोन. "भावोजी, कमी झालं म्हणे. आमच्या वाण्याकडे तर तोच भाव."

मी सवयीने म्हटलं, "वहिनी, वेळ लागतो. आधीच्या ड्युटीतला माल संपायला हवा, नवं जहाज यायला हवं."

"हो का?" म्हणाल्या. "आणि चढताना जहाज कुठे होतं?"

आता त्या गणपतीत बुकिंग घेत नाहीत, दसऱ्यानंतर घेतात. आणि वजनकाटा कपाटावरून उतरून ओट्यावर आलाय, मिसळणाच्या डब्याशेजारी.

नमस्कार.