जाळीवर सगळे थांबतात तेव्हा

(दृश्य: बंद पोलाद कारखाना. ट्रायपॉड खांद्यावर घेतलेला घोळका आत शिरतो.)

भट्टी विझून कित्येक वर्षं झाली, तरी भिंतीला हात लावला की काजळी बोटाला लागते. पाइपांवर रंगाचे पापुद्रे सुटलेत. खाली गंज कुठं नारिंगी, कुठं जांभळट, कुठं अगदी काळा.

अशा जागी फोटोंसाठी यायचं तर रीतसर परवानगी काढून, आणि एकट्यानं तर यायचंच नाही. व्ह्यूफाइंडरला डोळा लावला की पायाखालचं भान सुटतं. एखादी पायरी गंजून पोकळ झालेली असते, एखाद्या खड्ड्यावर झाकणच नसतं. मागून "थांब!" म्हणणारं कुणीतरी हवं.

(दृश्य: उंचावरची लोखंडी जाळी. ट्रायपॉडचे पाय जवळून.)

आत अंधार, म्हणून शटर काही सेकंद उघडं ठेवावं लागतं. तेवढ्यात या जाळीवरून कुणी नुसतं चाललं, तरी हादरा ट्रायपॉडपर्यंत येतो आणि फोटो हलतो. म्हणून एकानं "घेतोय" म्हटलं, की बाकीचे आहेत तिथंच थांबतात. मला या भटकंतीतलं हे थांबणं सगळ्यात मोलाचं वाटतं. आपल्या चांगल्या फोटोत इतरांचा वाटा असतो, तो असा.

(दृश्य: ढगाळ आभाळाखाली झोतभट्टी, म्हणजे लोखंड गाळायची भट्टी.)

जर्मनीतल्या बर्न्ड आणि हिला बेशर या छायाचित्रकार दांपत्यानं १९५९पासून झोतभट्ट्या, पाण्याच्या टाक्या, खाणींवरचे मनोरे जोडीनं टिपले. ढगाळ दिवस निवडायचा, म्हणजे कडक सावल्या नाहीत. कॅमेरा उंचावर लावायचा, म्हणजे उभ्या रेषा सरळ राहतात. १९९०मध्ये व्हेनिस बिएनाले या कलाप्रदर्शनात त्यांना सुवर्णसिंह हा पुरस्कार मिळाला, तोही शिल्पकलेसाठी! त्याच देशातला फोल्कलिंगेनचा लोखंड कारखाना १९८६मध्ये बंद पडला आणि १९९४मध्ये जागतिक वारसा यादीत गेला. भंगारात जाऊ शकलं असतं असं हे सगळं. कुणीतरी ते नीट पाहिलं, म्हणून उरलं.

(दृश्य: छपराच्या भोकांतून उतरणारे उन्हाचे झोत.)

इथं ऊन डोळे दिपवतं आणि यंत्र काळोखात बुडालेलं. एका फोटोत दोन्ही मावत नाही. मग दोन-दोन स्टॉपच्या फरकानं (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) तीन फोटो घेऊन नंतर जोडायचे. लेन्स मात्र आत बदलू नका, धूळ थेट सेन्सरवर बसते. जुन्या पाइपांवरच्या पांढुरक्या वेष्टनाला तर हातही लावू नका. त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, आणि त्याचे तंतू साध्या कापडी मास्कनं अडत नाहीत.

(दृश्य: अंधारं यंत्रघर. टॉर्चचा उजेड दातेरी चाकावरून सरकतो.)

तीस सेकंदांचं एक्स्पोजर, म्हणजे तेवढा वेळ शटर उघडं. एक जण टॉर्च घेऊन चाकाच्या कडेकडेनं उजेड फिरवतोय. तो एका जागी थांबत नाही, म्हणून फोटोत दिसणार नाही. त्याचा स्वतःचा कॅमेरा पिशवीत आहे. पुढच्या फोटोला टॉर्च दुसऱ्याच्या हाती जाईल.